पोटातले भाडेकरू

आमच्या घरात माझ्यापेक्षा माझ्या पोटाला जास्त मान होता. सकाळी उठल्यावर "झोप झाली का" असं मला कुणी विचारत नसे, "पोट कसं आहे" असं विचारत. बाबा कंपनीत निघताना बुटाची लेस बांधता बांधता विचारत, आई मान वर न करता विचारत. आत्या विचारण्याच्या भानगडीतच पडत नसे. ती सरळ माझा फ्रॉक वर करून पोटावर दोन बोटं वाजवून बघे, बाजारात कलिंगड बघतात तशी, आणि आलेल्या आवाजावरून त्या दिवशीचा स्वयंपाक ठरवे. हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र भरल्या घरचं, असा माझा अवतार होता. तेव्हाचे फोटो आजही माझी मुलगी काढून बघते आणि हसते. हसू दे. त्या पोटानं आमच्या घराला जे नाचवलं, ते तिला कुठे माहीत आहे?

घर बदलापूर गावात, गल्लीच्या तोंडाशी. बाबा अंबरनाथजवळ मोरिवलीच्या एका केमिकलच्या कारखान्यात कामाला होते आणि संध्याकाळी त्यांच्या आधी त्यांच्या शर्टाचा वास घरात शिरायचा. आई उल्हासनगरच्या एका शेठकडून जीन्सचे गठ्ठे आणायची आणि घरी बसून त्यांचे लोंबते धागे कापायची. त्या धाग्यांचा निळा भुगा सगळ्या घरभर उडायचा, पाण्याच्या हंड्यापासून देवाच्या फोटोपर्यंत. आमटीत निळा धागा सापडला तर आम्ही तो काढून ताटाच्या कडेला ठेवत असू आणि पुढे जेवत असू, त्यात कुणाला काही वाटत नसे. आईच्या कात्रीची कचकच, आत्याच्या मिक्सरची घरघर आणि माझ्या पोटाची गुडगुड, हे आमच्या घराचे तीन आवाज. त्यातला तिसरा मी शाळेतही घेऊन जायचे. प्रार्थना संपल्यावर सगळी शाळा डोळे मिटून शांत उभी राहायची, नेमकं तेव्हाच माझं पोट बोलायचं. एकदा तर आमच्या बाई खिडकीतून बाहेर डोकावून बघून आल्या, पाण्याचा टँकर आला का म्हणून.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. तिचे यजमान लवकर गेले. माझ्या जन्माच्या वेळी ती आईच्या बाळंतपणाला म्हणून आली ती राहिलीच. चूल तिच्या ताब्यात, आणि चुलीवरून घर. ती कधी कुणाला जवळ घेत नसे, गोड बोलत नसे, पाठीवरून हात फिरवत नसे. तिला जे काही सांगायचं असे ते ती ताटात वाढून सांगे. वालाचं बिरडं हे तिचं सगळ्यात मोठं बोलणं. वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, एकेक दाणा सोलायचा, मग कांदा, लसूण, खोबरं, कोकम. मला ताटलीभर वाढून समोर बसायची. "खा. अंगाला लागंल." मी खायचे. अंगाला काही लागत नसे. जे जाई ते पोटात जाऊन फुगे, आणि मी भिंतीला टेकून ढेकर देत बसे. मग ती म्हणे, "एवढाच खाल्लास? म्हनून तर अशी हायस," आणि आणखी वाढे. भूक म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. इतर मुलं 'भूक लागली' म्हणत शाळेतून पळत घरी जात, ती कुठल्या तरी खेळाबद्दल बोलताहेत असं मला वाटे.

समोरच्या घरात गुलाबकाकू राहायच्या. मनानं वाईट नव्हत्या, पण तोंडाला झाकण नव्हतं. एकदा भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी चार बायकांत त्या आत्याला म्हणाल्या, "काय गं, तुझ्या हातचं खाऊन पोर तर सुकतच चाललीय. हाताला गुन नाय की काय तुझ्या?" बायका हसल्या. आत्या भाजी न घेताच घरात आली आणि कांदे चिरायला बसली. त्या दिवशी आमच्या घरात गरजेपेक्षा पुष्कळच कांदा चिरला गेला. आईची कात्री थांबली होती, हे माझ्या अजून लक्षात आहे.

त्यानंतर आत्यानं माझं पोट हातात घेतलं. जंतांचं औषध झालं. हिंगाचं पाणी झालं, ओवा झाला, बाळहिरडा उगाळून झाला, मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या. शेवटी तिनं बेंबी सरकल्याचं निदान केलं. मला सतरंजीवर उताणं निजवलं, बेंबीवर कणकेची पणती ठेवून वात पेटवली आणि तिच्यावर तांब्या पालथा घातला. वात विझली आणि तांब्यानं माझं पोट असं धरलं की सुटायलाच तयार नाही. आत्या ओढतेय, आई "हळू, हळू" करतेय, गुलाबकाकू दारात उभं राहून सल्ले देताहेत, आणि तेवढ्यात बाबा कामावरून आले. लेकीच्या पोटावर तांब्या आणि भोवती तीन बायका बघून त्यांनी आधी डबा खाली ठेवला, मग विचारलं, "कुणी काही सांगेल का मला?" शेवटी गुलाबकाकूंनीच कडेनं बोट घालून तांब्या सोडवला. आठवडाभर माझ्या पोटावर लालभडक गोल होता. बेंबी जिथं होती तिथंच होती.

बाबांचा या गावठी इलाजांवर विश्वास नव्हता. त्यांचं सगळं सायंटिफिक. कंपनीत शिफ्ट लागल्यापासून त्यांना अ‍ॅसिडिटी होती आणि ते रोज सकाळी अनशापोटी एक कॅप्सूल घ्यायचे. मी अगदी लहान असताना एकदा पोट दुखलं, तेव्हाच मेडिकलवाल्याला विचारून त्यांनी मलाही लहान डोसची सुरू केली. "तांब्याबिंब्यानं काही होत नाही. अ‍ॅसिड मारलं की पोट शांत," असं सांगून ते रोज नेमानं मला ती द्यायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी ती स्ट्रिप असायचीच. वर्षानुवर्षं.

शाळेच्या तपासणीत निघालं की माझं वजन वाढायचं सोडून उतरतंय आणि उंचीही थांबलीय. मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात आठवड्यातून एकदा मुलांच्या पोटाचे डॉक्टर बसत. त्यांनी पोट दाबलं, खाण्यापिण्याचे पुष्कळ प्रश्न विचारले आणि म्हणाले, "लहान आतड्यात नको तेवढे जंतू वाढलेत असं वाटतंय. आधी श्वासाची तपासणी करू. त्यात कळलं तर गोळ्यांवर भागेल. नाही कळलं, तर भूल देऊन पोटात नळी घालून बघावं लागेल." भूल आणि नळी हे दोन शब्द ऐकून बाबांचा चेहरा उतरला. घरी आल्यावर आई देवापुढे बसली. आणि आत्यानं एकच विचारलं, "मंजी आता काय द्यायचा नाय पोरीला?"

देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तपासणीच्या आदल्या दिवशी नुसता पांढरा भात आणि उकडलेलं अंडं. डाळ नाही, भाजी नाही, दूध नाही. रात्रीपासून पाण्याशिवाय काही नाही, आणि तसंच उपाशीपोटी तपासणीला. आत्यानं हे व्रत म्हणून घेतलं. आदल्या दिवशी सकाळपासून ती स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. गुलाबकाकू नारळाच्या वड्या घेऊन आल्या, त्यांना तिनं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. भाचीला उपाशी ठेवणं हे आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या वाट्याला आलेलं काम, आणि तेही तिनं जीव ओतून केलं. मी झोपताना माझ्या उशाखाली शेंगदाणा राहिला नाही ना, हेसुद्धा बघितलं.

सकाळी सगळं शिस्तीत झालं. दात घासले, देवाला नमस्कार केला. बाबांनी गाडी बाहेर काढली. मी उंबऱ्यावर चपला घातल्या आणि नेहमीप्रमाणे हात पुढे केला. आत्यानं नेहमीप्रमाणे वाटीतून माझ्या तळहातावर दहीसाखर घातली. मी चाटली. बाबांनीही हात पुढे केला, त्यांनाही दिली, त्यांनीही चाटली. आई शेजारीच उभी होती, तिनं "यश घेऊन ये" म्हटलं. परीक्षेला जाताना, गावाला जाताना, दाढ काढायला जाताना, आमच्या घरातून कुणी दहीसाखरेशिवाय कधी बाहेर पडलेलं नव्हतं. चौघांपैकी एकाच्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही बदलापूर ओलांडलं, अंबरनाथ ओलांडलं, आणि मी बाबांच्या पाठीला चिकटून आपण किती शहाण्यासारखं उपाशी आहोत याचा विचार करत होते.

तपासणी करणारी ताई वयानं लहानच होती. तिनं मशीन लावता लावता विचारलं, "सकाळपासून काही खाल्लं नाही ना?"

"पाण्याशिवाय काही नाही," बाबा म्हणाले. "रात्रीपासून."

"नक्की? नाहीतर रीडिंग चुकतं, मग सगळं फुकट जातं."

"मॅडम, हिच्या आत्यानं पहारा दिलाय," बाबा छाती काढून म्हणाले. मीही जोरजोरात मान हलवली. देवाशपथ सांगते, आम्ही दोघंही खरं बोलत होतो.

ताई बाबांकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "काका, तुमच्या मिशीला काय लागलंय?"

बाबांनी मिशी पुसली. बोटाकडे पाहिलं. "दही आहे."

"आणि हिनं?"

"हिनंही. पण ते काही खाणं नाही हो. निघताना हातावर दिलेली दहीसाखर. तो शकुन."

ताईनं हातातली नळी टेबलावर ठेवली आणि कपाळाला हात लावला. "काका, मशीनला शकुन कळत नाही," ती म्हणाली. मग मशीन बंद करत, "मीपण आज दहीसाखर खाऊनच निघालेय. माझी आईपण ऐकत नाही. पण दह्यात साखर, साखर पोटात गेली की टेस्ट कॅन्सल. आता पुढच्या आठवड्यात या."

आम्ही परत आलो तेव्हा आत्या दारातच होती. बाबांनी सांगितलं. आधी ती उसळली. "बोटभर दह्यानं मशीन बिघडली? येवढी नाजूक मशीन कशाला ठेवतात? उद्या म्हनतील पोरीनं देवाचा तीर्थ पन घेऊ नये." गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. गुलाबकाकू त्यांच्या पायरीवरूनच म्हणाल्या, "आधी पोट बिघडवलं, आता मशीन." मी आत्याकडे बघितलं. ती आत गेली, दह्याची वाटी घासून पालथी घातली आणि ताट न वाढून घेता भिंतीकडे तोंड करून पडली. मला फार वाईट वाटलं. माझं पोट माझं होतं, पण त्याची शिक्षा सगळी तिलाच होत होती. मी जाऊन तिच्या पाठीला पाठ लावून झोपले. ती म्हणाली, "सरक तिकडं, उकडतंय." पण स्वतः सरकली नाही.

पुढच्या आठवड्यात पेच पडला. दहीसाखर द्यायची नाही हे ठरलं, पण पोर रिकाम्या हातानं उंबऱ्याबाहेर कशी पाठवायची? आत्यानं त्यावर दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. ती स्वतःच बरोबर येणार. "मी घरी असले तर पाठवायचा ना? मीच संगं निघाले तर कोन कोनाला पाठवतंय?" बाबांनी गाडी घरी ठेवून रिक्षा ठरवली. आणि आत्याही उपाशीच निघाली, नुसत्या पाण्यावर. तिची काही तपासणी नव्हती हे तिला सांगायचं धाडस कुणी केलं नाही.

ताईनं मला गोड पाणी प्यायला दिलं. जंतू जर भलत्या जागी बसले असतील तर ते ही साखर खातात, गॅस सोडतात आणि तो श्वासातून बाहेर येतो, असं तिनं समजावलं. मग दर थोड्या वेळानं मी नळीत फुंकायचं आणि बाहेर येऊन बाकावर बसायचं. बाकावर आमच्या शेजारी एक सिंधी आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून पिशवीतून डबा काढला. आत खमंग कोकी होती, सिंध्यांची कांदा घातलेली जाड पोळी. "पुट, थोड़ा खा ले. देखो तो बच्ची का मुँह कैसा सूख गया है."

आत्या ताडकन उठून आमच्या दोघींच्या मधे उभी राहिली. "नाय बाय, नाय! उसका पोट मशीन को लगायेला हाय."

"अरे, थोड़ा-सा खाने से क्या होता है?"

"सब होता हाय," आत्या म्हणाली. "मेरेसे पूछो."

आजींनी एकदा आत्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि डब्याचं झाकण लावलं. नातू मागत होता तरी त्यालाही कोकी दिली नाही. "बच्ची के सामने नहीं," त्या त्याला म्हणाल्या. आत्या त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघींचं बोलणं दोन भाषांत चाललं होतं आणि दोघींना सगळं कळत होतं. विषय एकच होता, आजकालची मुलं काही खात नाहीत.

नळीतल्या फुंकरीनं डॉक्टरांचा संशय खरा ठरवला. मशीनमधला आकडा लवकरच वर चढला होता. भूल नको, पोटात नळी नको. बाबांनी रुमाल काढून तोंड पुसलं. डॉक्टर म्हणाले, "हे जंतू आपल्याच पोटातले असतात. त्यांनी मोठ्या आतड्यात राहायचं. हे लहान आतड्यात शिरलेत आणि अन्न तिथंच खाऊन टाकताहेत."

"म्हणजे आमच्या बदलापूरच्या शिरगावासारखं," बाबा म्हणाले. "आधी मोकळी जागा होती, मग एक बिल्डिंग, मग दुसरी, आता पाय ठेवायला जागा नाही."

"भाडेकरू शिरलेत मंजी," आत्या म्हणाली. "भाडा पन नाय देत."

डॉक्टर हसले. पण आत्या हसली नाही. ती खुर्चीच्या टोकाला आली आणि हात जोडून तिनं विचारलं, "डाक्टर, खरं सांगा. माझ्या हातचा काय चुकला?" तिचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता. इतकी वर्षं ती हा प्रश्न घेऊन चुलीपुढे बसत होती.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "तुमच्या हातचं काही चुकलं नाही, बाई. कडधान्यानं पोट फुगत होतं, पण जंतू त्यानं शिरले नाहीत. पोटातलं आम्ल या जंतूंना अडवतं. ही मुलगी आम्ल कमी करायची कुठली गोळी घेते का, बरेच दिवस?"

मी बाबांच्या खिशाकडे बघितलं. आत्यानंही बघितलं. बाबांनी खिशावर हात ठेवला, पण स्ट्रिपचं टोक पेनाशेजारून डोकावत होतं. ती गोळी बंद झाली, जंतूंसाठी दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या, आणि काही आठवडे वाल, कांदा, लसूण, दूध, गहू हे सगळं माझ्या ताटातून गेलं. "कांदा नाय, लसूण नाय? पोरीची काय गोसावीन करायची?" आत्या म्हणाली. भात, अंडं, मासे चालतील असं कळल्यावर मासे या शब्दापाशी ती जरा निवळली. रिक्षात ती बदलापूर येईपर्यंत बाबांकडे एकटक बघत होती. गल्लीत शिरल्यावर गुलाबकाकूंनी "काय निघालं?" असं विचारलं, तेव्हा बाबांनी डोळे मिटून घेतले. आत्या म्हणाली, "जंतू निघाले," आणि आत गेली. गोळीचं तिनं गल्लीत कधीच कुणाला सांगितलं नाही. फक्त पुढे कित्येक महिने बाबांचा शर्ट धुवायला टाकताना ती त्यांचा खिसा उलटा करून बघे.

गोळ्या संपल्या तरी पहिल्यांदा काही वेगळं वाटलं नाही. पोट जरा मऊ लागायला लागलं, शाळेतला टँकर येईनासा झाला, एवढंच. मग एका दुपारी मी शाळेतून आले. आई गठ्ठा पोचवायला उल्हासनगरला गेली होती. आत्या मांदेली साफ करत बसली होती. माझ्या पोटात काहीतरी होत होतं. दुखत नव्हतं, फुगलंही नव्हतं. आत कुणीतरी हळूच ओढल्यासारखं. मी घाबरले. म्हटलं, "आत्या, पोटात काहीतरी होतंय."

तिचे हात थांबले. "कसा होतंय?"

"रिकामं रिकामं वाटतंय. मांदेलीचा वास आला की जास्त होतंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मासळीचे हात तसेच अधांतरी. "अगो येडे," ती म्हणाली, "तुला भूक लागलीय."

तिनं हात धुतले, मांदेली हळदमीठ लावून तव्यावर टाकली आणि टोप माझ्यापुढे आणून ठेवला. त्यात सगळ्यांचा भात होता. मी खायला लागले. तिनं वाढलं, मी खाल्लं, मी ताट पुढे केलं, तिनं पुन्हा वाढलं. "अंगाला लागंल" वगैरे ती काही म्हणाली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते कोपरानं पुसत होती, आणि या वेळी समोर कांदा नव्हता. मी थांबले तेव्हा टोपात शीतही उरलं नव्हतं. तिचा स्वतःचा घासही मीच खाल्ला होता.

आत्यानं टोपात वाकून बघितलं. मग वाटी घेऊन ती दारात गेली. आमच्या आत्यानं गल्लीत आजवर कुणाकडे चिमूटभर मीठही मागितलेलं नव्हतं. तिनं पदर खोचला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "गुलाबे, ए गुलाबे! वाटीभर भात दे गं. आमच्या पोरीनं टोप रिकामा केलाय, मला उपाशी ठेवलाय."

गुलाबकाकू बाहेर आल्या. त्यांनी आत्याच्या हातातली वाटी बघितली, तिच्यामागे उभी असलेली मी बघितली, आणि एक शब्द न बोलता आत जाऊन ताट भरून भात आणला. आत्या तो घेऊन घरात आली नाही. गुलाबकाकूंच्याच पायरीवर बसली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी, आणि नुसतं मीठ लावून चवीचवीनं जेवली.